नकार देण्याचा अधिकार

१८०३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या मध्यावर कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखालची कंपनी सरकारची फौज बऱ्हाणपुराच्या वेशीशी येऊन उभी राहिली तेव्हा शहराने लढाई दिली नाही. आणि त्यानंतर आठवडा उलटतो न उलटतो तोच, ज्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक ओळखीत आले होते तो असीरगडही शिंद्यांच्या किल्लेदाराने इंग्रजांच्या स्वाधीन केला. या मोहिमेची सूत्रे ज्याच्या हाती होती तो जनरल आर्थर वेलस्ली तेव्हा दक्षिणेस अजिंठ्याच्या घाटाच्या आसपास फौज फिरवीत होता; असईची लढाई त्याने महिनाभरापूर्वीच, २३ सप्टेंबरला, जिंकली होती. आपल्या शालेय इतिहासात हा पुरुष असईचा आणि पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून येतो व तेवढ्यावरच निघून जातो. परंतु हा मनुष्य हिंदुस्थानात आला त्याच्या आधी त्याच्या आयुष्यात एक मागणी आणि एक नकार घडून गेला होता, आणि तो नकार पचवून, नशीब काढून, पुन्हा त्याच दारी जाण्याची ईर्षा त्याच्या मनात होती, ही गोष्ट लढायांच्या वर्णनांत सहसा येत नाही.

वेलस्ली हा आयर्लंडमधील मॉर्निंग्टनच्या अर्लचा धाकटा मुलगा. घराणे खानदानी, पण बापाच्या मृत्यूनंतर कर्जात बुडालेले. पदव्या आणि जमीनजुमला थोरल्या भावाकडे गेलेला. धाकट्याच्या वाट्याला फौजेतील नोकरी आणि सारंगीच्या जातीच्या त्या विलायती व्हायोलिनचा नाद एवढेच आले होते. १७९३ साली त्याने लाँगफर्डच्या घराण्यातील कॅथरिन पॅकेनहॅम हिला, घरात सर्व जण तिला किटी म्हणत, मागणी घातली. किटीच्या भावाने ती साफ नाकारली. या पोराला मिळकत नाही आणि पुढे काही मिळेल असे चिन्हही नाही, हे त्याचे कारण होते. त्या संतापात वेलस्लीने आपली व्हायोलिने जाळून टाकली असे त्याचे चरित्रकार सांगतात. १७९७ साली तो कलकत्त्यास उतरला. श्रीरंगपट्टण, अहमदनगर, असई, अडगाव, गाविलगड अशी मजल मारीत १८०५ साली तो परत गेला तेव्हा त्याच्याजवळ सर ही पदवी होती आणि बहुतांशी लुटीच्या हिश्शातून जमलेले चाळीस हजारांहून अधिक पौंड होते. १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिनमध्ये त्याचे किटीशी लग्न लागले. या वेळी भावाने हरकत घेतली नाही.

या कथेत मैत्रिणीचे एक पात्र आहे आणि ते दुय्यम नाही. ऑलिव्हिया स्पॅरो ही किटीची जिवलग. वेलस्ली हिंदुस्थानात असताना त्याच्याशी पत्रव्यवहार राखून किटीचे मन अजून तुमच्यापासून ढळलेले नाही, असे त्याच्या कानी घालीत राहणारी तीच. मधल्या काळात किटीला लाउरी कोल नावाच्या दुसऱ्या एका लष्करी सरदाराने मागणी घातली होती आणि ठरत आलेली ती सोयरीक मोडलीही होती. वर्षे लोटली होती, प्रकृती खालावली होती, रूप ओसरले होते. किटीने मोठ्या प्रामाणिकपणाने कळविले की, शब्द पक्का करण्यापूर्वी मला एकदा पाहून घ्या, मी पूर्वीची राहिलेली नाही. त्याने पाहिले नाही. लग्नाच्या दिवशी पाहिले, आणि त्या संसारात दोघांनाही सुख लाभले नाही. मैत्रिणीने स्नेहापोटी जुळविलेली ही गाठ होती. ऑलिव्हियाचा हेतू शुद्ध होता याविषयी मला शंका नाही. पण बारा वर्षांपूर्वीचा एक अपमान भरून काढण्याची पुरुषाची ओढ आणि जुने प्रेम या दोन गोष्टी पत्रांतून एकसारख्याच दिसतात, आणि त्यांतला फरक मैत्रिणीने ओळखावयास हवा होता, असे मात्र वाटल्यावाचून राहत नाही.

ज्याला इंग्लंडच्या इतिहासात रीजन्सी म्हणतात तो काळ याच्या लगेच पुढचा. तिसरा जॉर्ज बुद्धिभ्रंशामुळे राज्य करण्यास असमर्थ ठरला आणि १८११च्या फेब्रुवारीपासून १८२०च्या जानेवारीपर्यंत युवराजाने त्याच्या नावाने कारभार पाहिला. याच अवधीत हँपशायर परगण्यातील एका पाद्र्याच्या अविवाहित मुलीने, आरंभी आपले नाव न घालता, सहा कादंबऱ्या जगापुढे ठेवल्या. जेन ऑस्टिनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ साली निघाली, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३च्या जानेवारीत. आणि शेवटची ‘पर्स्वेजन’ तिच्या मृत्यूनंतर, १८१७च्या डिसेंबरात. ‘पर्स्वेजन’ची नायिका ॲन एलियट हिने एकोणिसाव्या वर्षी, आईच्या जागी असलेल्या लेडी रसेल या स्नेहिणीच्या सल्ल्यावरून, फ्रेडरिक वेंटवर्थ नावाच्या निष्कांचन आरमारी अधिकाऱ्याला नकार दिला आहे, आठ वर्षांनी तो कप्तान होऊन, पकडलेल्या जहाजांच्या हिश्शातून पंचवीस हजार पौंड मिळवून परत येतो, आणि कादंबरी तेथून सुरू होते. वेलस्लीच्या लग्नाची कथा ऑस्टिनच्या डोळ्यांपुढे होती असे मी सुचवीत नाही. त्या समाजात अशा हकीकती घरोघर होत्या, एवढेच त्यावरून दिसते. धाकट्या मुलांना मिळकत नव्हती. युद्ध आणि वसाहती हीच त्यांची जहागीर. आणि बऱ्हाणपूर, असीरगड, गाविलगड ही आपल्या भागातली ठाणी कुठल्या तरी दूरच्या दिवाणखान्यातील एका सोयरिकीची किंमत म्हणून खर्ची पडत होती. हे ध्यानात धरले की या खेळकर कादंबऱ्या पूर्वीइतक्या दूरच्या वाटत नाहीत.

आता त्याच वेळचे आपल्याकडचे एक लग्न पाहू. वेलस्लीने ज्यांच्याकडून बऱ्हाणपूर घेतले ते दौलतराव शिंदे १७९८ साली पुण्यात असताना त्यांचे लग्न कागलच्या सर्जेराव घाटग्यांची कन्या बायजाबाई हिच्याशी झाले. घाटगे हे आदिलशाहीपासूनचे मातबर देशमुख. शिंद्यांचे मूळ म्हणजे कण्हेरखेडची पाटीलकी. फौजफाटा, मुलूख, दिल्लीच्या बादशहावरचा धाक, हे सारे शिंद्यांकडे असूनही कुळीच्या तराजूत घाटग्यांचे पारडे जड होते, आणि सर्जेरावांनी त्या वजनाची पुरेपूर किंमत वसूल केली: मुलगी द्यावयाची तर दौलतीची दिवाणगिरी पाहिजे. ती मिळाली, आणि शिंद्यांच्या फौजेच्या थकलेल्या पगारासाठी व लग्नाच्या खर्चासाठी पुण्याच्या सावकारांकडून आणि कारभाऱ्यांकडून या दिवाणाने ज्या रीतीने पैसा काढला ती आठवण पुण्याने दीर्घकाळ विसरली नाही. कुळ, पैसा, अधिकार, रूप, या लग्नात सर्व काही होते; ऑस्टिनच्या कादंबरीला लागणारी सगळी सामग्री होती. नव्हती ती एकच गोष्ट. चौदा वर्षांच्या त्या मुलीला कोणी विचारले नव्हते. पुढे १८२७ साली दौलतराव वारल्यावर याच बायजाबाईंनी १८३३पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, बऱ्हाणपूरही तेव्हा पुन्हा शिंद्यांकडेच होते, आणि त्यांच्या बुद्धीची व करारीपणाची साक्ष इंग्रज वकिलांनीही दिली आहे. पण प्रेमकथेची नायिका होण्याची संधी तिला मिळाली नाही, कारण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची वेळच तिच्यावर आली नाही.

मला या लेखात जे म्हणावयाचे आहे ते येथे स्पष्ट होते. रीजन्सीच्या या विनोदी प्रेमकथा मेण्या-बग्ग्यांच्या, नाचांच्या आणि चतुर संवादांच्या आहेत असे समजून आपल्याकडे त्यांना हलक्या वाचनात ढकलण्याची रीत आहे. त्यांचा खरा विषय नकार हा आहे. ज्या मुलीजवळ पैसा नाही, पदवी नाही, धंदा करण्याची मुभा नाही, जिच्या बापाची जमीनसुद्धा कायद्याने पुरुष वारसाकडे जाण्यासाठी बांधून ठेवलेली आहे, तिच्याजवळ एकच अधिकार उरतो, मागणी नाकारण्याचा. आणि तो वापरल्यास उपासमारीची नाही तरी आश्रितपणाची वेळ येणार, हे तिला पक्के ठाऊक असते. या एका अधिकाराच्या जागेवर उभे राहून ती हसते, उत्तरे देते, वाद घालते. तिच्या वाक्चातुर्याला धार येते ती या जागेमुळे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली एलिझाबेथ बेनेट आधी कॉलिन्सला नाकारते, ज्याच्याशी लग्न केले असते तर बापाचे घर पुन्हा घरातच राहिले असते. मग डार्सीला नाकारते, ज्याचे वर्षाचे उत्पन्न दहा हजार पौंड. दुसरा नकार वाचकाला अधिक लक्षात राहतो, मला मात्र पहिल्यानंतरचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. एलिझाबेथची जिवाभावाची मैत्रीण शार्लट ल्यूकस, वय वर्षे सत्तावीस, रूप बेताचे, हाती काही नाही; एलिझाबेथने टाकलेला तोच कॉलिन्स तीन दिवसांच्या आत ती पत्करते, आणि ही बातमी स्वतः येऊन मैत्रिणीला सांगते. एलिझाबेथला धक्का बसतो. दोघींत पूर्वीचा मोकळेपणा पुन्हा येणार नाही हे तिला त्याच क्षणी कळते. तरुणपणी वाचताना आपण एलिझाबेथच्या बाजूने असतो. वय वाढल्यावर शार्लटची बाजू दिसू लागते. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी पाहुणी जाते तेव्हा एक बारीकशी गोष्ट तिच्या ध्यानात येते: शार्लटने आपल्या बसण्यासाठी घरातली चांगली, पुढची खोली न निवडता मागची निवडली आहे, कारण नवऱ्याच्या स्वतःच्या खोलीतून रस्ता दिसत असल्याने तो तेथे रमतो, मागची खोली तितकीच सुखकर असती तर तो सारखा तिच्यापाशी येऊन बसला असता. एका खोलीच्या निवडीत सगळा संसार सांगून टाकणारी ही लेखिका शार्लटला दोष देत नाही आणि तिचा कैवारही घेत नाही. दोन मैत्रिणींत बुद्धी सारखी होती, गरिबीही फार वेगळी नव्हती. नकार परवडतो असे एकीला वाटले, दुसरीला वाटले नाही. वर्गभेद हा नेहमी महाल आणि झोपडी यांच्यातच असतो असे नाही; शेजारच्या दोन घरांत, सात वर्षांच्या अंतरात, थोड्याशा रूपाच्या फरकातही तो येऊन बसतो.

ऑस्टिनला हे पुस्तकांतून कळलेले नव्हते. १८०२ सालच्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर या जमीनदाराच्या मुलाने तिला मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी तो परत घेतला. त्याआधी टॉम लेफ्रॉय या आयरिश तरुणाशी तिचा स्नेह जुळत होता, तेव्हा हा मुलगा निर्धन मुलीत गुंतेल या भयाने त्याच्या घरच्यांनी त्याला तेथून हलविले. आणि एका पिढीमागे तर तिच्याच घरातून हिंदुस्थानापर्यंत रस्ता आलेला होता. तिची आत्या फिलाडेल्फिया ही निराधार मुलगी १७५२ साली नवरा मिळविण्यासाठी जहाजाने मद्रासेकडे रवाना झाली आणि वर्षभरात कंपनीच्या टायसो सॉल हँकॉक नावाच्या शस्त्रवैद्याशी तिचे लग्न झाले. ही घरातली कथा ऑस्टिनच्या मनातून गेली नव्हती. सोळा-सतराव्या वर्षी लिहिलेल्या ‘कॅथरिन’ या अपुऱ्या कथेत तिने नायिकेच्या एका मैत्रिणीला असेच बंगालला धाडले आहे, जिचे लग्न दुप्पट वयाच्या, न आवडणाऱ्या माणसाशी होते. तिचे नशीब किती चांगले, असे एक श्रीमंत मुलगी म्हणते. नायिका ते ऐकून घेत नाही. त्या संवादात पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांचे बीज आहे. मैत्रिणीच्या दुःखाला कोणी सुदैव म्हटले तर तेथे गप्प बसू नये, हा धर्म त्या मुलीला सोळाव्या वर्षी कळला होता.

हसण्याचा रोख कोणाकडे असावा याविषयी ‘एमा’ या कादंबरीत जो प्रसंग आहे त्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. हे पुस्तक १८१५च्या डिसेंबरात निघाले आणि युवराजाच्या ग्रंथपालाच्या सूचनेवरून ते युवराजालाच अर्पण केलेले आहे. श्रीमंत, देखणी, बुद्धिमान एमा बॉक्स हिलवरच्या सहलीत मिस बेट्स या बडबड्या, ओसरत्या परिस्थितीच्या प्रौढ कुमारिकेची चारचौघांत थट्टा करते. वाक्य खरोखर चतुर आहे, मंडळी हसतात. मिस बेट्सला ते क्षणभर उशिरा कळते आणि तिचा चेहरा उतरतो. परतताना नाइटली एमाला बाजूला घेऊन जे बोलतो त्याचा आशय असा की, ती तुझ्या बरोबरीची असती तर तुझ्या चेष्टेला मी हरकत घेतली नसती. पण ती गरीब आहे, जन्मास आली त्या सुखापासून खाली आलेली आहे, अजून आयुष्य राहिले तर आणखी खाली जाईल. तुला पाळण्यात असल्यापासून तिने पाहिले आहे. एमा गाडीत रडते. विनोदी वाङ्मयात विनोदाचीच झडती घेणारे असे पान मला दुसरे आठवत नाही. नाइटली हा पुढे तिचा नवरा होतो. पण त्या दिवशी तो मित्र म्हणून बोलत असतो, आणि मित्राला जे बोलण्याचा हक्क असतो तेवढेच बोलतो.

ऑस्टिननंतर शंभरेक वर्षांनी जॉर्जेट हेयर हिने याच काळाच्या पार्श्वभूमीवर ‘रीजन्सी बक’ (१९३५)सारख्या कादंबऱ्या लिहून एक वेगळाच प्रकार रूढ केला. त्यांतली भाषा चुरचुरीत आहे, पोशाखांचा आणि गाड्यांचा अभ्यास पक्का आहे. पण ऑस्टिनने आपल्या एकाही नायिकेला ड्यूकच्या घरी दिले नाही, आणि पुढच्या लेखिकांनी ड्यूकांचा सुकाळ केला. त्या सुकाळात नकाराची किंमत वाचकाला जाणवेनाशी झाली. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

बऱ्हाणपूर ज्यासाठी मनात होते ती गोष्ट १८०३च्या मोहिमेहून दीडशे वर्षे जुनी आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी रावेर मागे टाकून मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरते तेव्हा बाहेर फरक काही दिसत नाही. त्याच केळीच्या बागा, तीच काळी जमीन, आणि स्टेशनाबाहेर कानी पडणारे निम्मे मराठी, निम्मे निमाडी-हिंदी बोलणे. गावात मागाची खडखड गल्लोगल्ली ऐकू येते; येथल्या तलम कापडाला इराण, तुर्कस्थान, पोलंडपर्यंत मागणी असल्याचे ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे, आणि कापडाचा धंदा रूप पालटून अजून उभा आहे. शाही किल्ला तापीच्या काठावर पाण्यातून उचलून धरल्यासारखा दिसतो. त्याच्या हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून ओळखू येते. पैलतीरावर जैनाबाद. त्या गावालगत आहुखाना नावाची जुनी शाही बाग होती. हरणे राखलेली, भिंतींनी वेढलेली. आज तेथे पडक्या भिंती आणि इमारतींचे अवशेष आहेत. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला रस्ता विचारला तेव्हा त्याने हातातले विळा-दोर खाली ठेवून मोठ्या अगत्याने सांगितले, “भाऊ, ताजमहाल इथंच व्हायचा होता. बेगमसाहेबांना आधी इथंच ठेवलं होतं.” ते खरेच आहे. मुमताजमहल १६३१च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली आणि सुमारे सहा महिने तिचा देह या बागेत होता. नंतर तो आग्र्यास नेला. मी जिच्यासाठी आलो होतो त्या हिराबाईचे नाव मात्र त्या गृहस्थाने काढले नाही, आणि मी विचारल्यावर “कोण बाई?” असे तोच मला विचारता झाला.

१६५३ साली शहाजादा औरंगजेब दक्षिणेच्या सुभ्यावर दुसऱ्यांदा नेमला जाऊन आला आणि औरंगाबादेस जाण्यापूर्वी काही महिने बऱ्हाणपुरात राहिला. तेव्हा तो पस्तिशीला टेकलेला होता. आई मुमताजमहल गेली तेव्हा त्याला तेरावे चालू होते. जिथे आईला तात्पुरते दफन केले होते त्याच बागेत तो एक दिवस जनान्यासह गेला असता, त्याच्या मावशीच्या परिवारातली हिराबाई नावाची एक गाणारी दासी, फळांनी लवलेले आंब्याचे झाड पाहून, शहाजादा समोर आहे याची पर्वा न करता, उडी मारून एक आंबा तोडून घेती झाली. एवढ्यावर औरंगजेबाचे मन गेले. ही हकीकत ‘मआसिर-उल-उमरा’ या ग्रंथात आहे, जो अठराव्या शतकात औरंगाबादेस शाहनवाजखानाने रचिला. ‘अहकाम-इ-आलमगिरी’ म्हणून दुसरे एक टिपण आहे, जदुनाथ सरकारांनी १९१२ साली ते इंग्रजीत आणले. त्यात प्रसंग थोडा निराळा: मावशीच्या घरी हिराबाई फांदीला हात देऊन हलक्या आवाजात गात उभी आहे, शहाजादा पाहतो, खाली बसतो आणि बेशुद्ध पडतो. मावशी अनवाणी धावत येते.

त्यापुढचा भाग असा आहे की, पात्रांची नावे बदलली तर तो कोणत्याही प्रहसनात शोभेल. मावशी म्हणते, माझा नवरा फार क्रूर आहे. तुझी मागणी ऐकली तर आधी तिला मारील, मग मला. मुर्शिदकुलीखान हा शहाजाद्याचा कारभारी म्हणतो, मी त्यालाच ठार करतो, मग माझे काही होवो. शहाजादा म्हणतो, मावशीला विधवा करणे मला जमणार नाही. शेवटी कारभारी नवऱ्याकडे जाऊन सरळ बोलतो, आणि नवरा सरळ सौदा सांगतो: शहाजाद्याच्या जनान्यातली छत्तरबाई मला द्यावी, हिराबाई न्यावी. हा निरोप पोचविण्यास मावशी कांकू करते तेव्हा, जीव प्यारा असेल तर जा, असे तिला ऐकावे लागते. निरोप ऐकून शहाजादा इतका हर्षित होतो की एक काय, दोघी घेऊन जा म्हणतो.

वाचताना हसू येते, आणि मग ते थांबते. बाग आहे, मावशी आहे, मध्यस्थ आहे, रुसवे-फुगवे आहेत. रीजन्सीच्या कादंबरीला लागणारे एकही पात्र कमी नाही. पण छत्तरबाई म्हणजे कोण, तिचे वय काय, तिला हे कळले तेव्हा ती काय बोलली, हे त्या टिपणात एका शब्दानेही नाही. नावापलीकडे तिचे काहीच शिल्लक नाही. हिराबाईलाही कोणी विचारले नाही. मावशी ही तर बादशहाच्या मेहुण्यांच्या खानदानातली, तिलासुद्धा जाऊ नये असे वाटून जावे लागले. तिन्ही स्त्रियांची पायरी वेगळी, तिघींच्या हाती नकार नाही. म्हणून ही कथा विनोदाच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि आत जाऊ शकत नाही.

एकाच क्षणी ती आत जाते. औरंगजेब तेव्हाही मद्याला शिवत नसे. हिराबाईने एकदा त्याच्या हातात पेला दिला आणि पिण्याचा आग्रह धरला; त्याने पुष्कळ विनवण्या केल्या, ती ऐकेना; शेवटी तो पेला ओठांशी नेणार तोच तिने हिसकावून घेतला. मला तुमच्या प्रेमाची परीक्षा पाहावयाची होती, तुमचे व्रत मोडावयाचे नव्हते, असे तिचे म्हणणे. विकत घेतलेल्या, देवघेवीत दिलेल्या त्या मुलीने हिंदुस्थानच्या भावी बादशहाला आपल्या इच्छेपुढे पूर्ण वाकविले आणि मग, वाकविणे एवढेच हवे होते म्हणून, मोकळे सोडले. एलिझाबेथ बेनेटने डार्सीला जे शार्लटच्या घरच्या दिवाणखान्यात बोलून दाखविले ते हिराबाईने एका पेल्याने दाखविले. तिच्याजवळ अधिकार नव्हता. तिने तो त्या घटकेपुरता निर्माण केला. त्या पेल्याची बातमी दारा शुकोहपर्यंत पोचली आणि या सोवळ्या भावाचे ढोंग पाहा म्हणून त्याने बापाचे कान भरले, हेही ‘मआसिर-उल-उमरा’त आहे.

आपल्या रंगभूमीवर गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली आले तेव्हा नाटकात काय घडले हे हिराबाईच्या शेजारी ठेवून पाहावे. मूळ मोलिएरचे, वाटेत इंग्रजीतून आलेले ते कथानक. पण देवलांची रेवती ही कलावंतिणीच्या घरातली मुलगी आहे आणि अश्विनशेठ प्रतिष्ठित गृहस्थ. एका तसबिरीवरून घोटाळा होतो, आणि रेवती रागावते, संशय घेते, त्याला उलट जाब विचारते. गाण्याच्या घरातल्या मुलीला रागावण्याचा आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आहे हे गृहीत धरून प्रेक्षागृह हसते. जैनाबादेत तो अधिकार पेल्याएवढा होता. येथे तो पाच अंकभर आहे, आणि म्हणून हे नाटक निर्मळ हसवू शकते.

हिराबाई लवकर वारली. तिला औरंगाबादेस मोठ्या तळ्याच्या काठी पुरले. दुसऱ्या दिवशी औरंगजेब शिकारीस निघाला तेव्हा बरोबरच्या लोकांना आश्चर्य वाटले. मीर अस्करी नावाचा एक अधिकारी त्याच्याजवळ होता, पुढे तो आकिलखान म्हणून प्रसिद्धीस आला. हा कवी, बऱ्हाणपुरातले सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन राझ-इ-इलाही यांचा शिष्य, आणि गुरूच्या नावावरूनच त्याने ‘राझी’ हे कविनाम घेतले होते. मधुमालती आणि पद्मावत या आपल्या हिंदवी प्रेमकथा त्याने फार्सी मसनवींत आणल्या, म्हणजे राजपुत्र आणि अप्राप्य स्त्री यांच्या कथा त्याला परक्या नव्हत्या. एकांत मिळताच त्याने विचारले, अशा मनःस्थितीत शिकार कशाला? शहाजाद्याने पद्यातच उत्तर दिले: घरात रडून मन हलके होत नाही, रानात पोटभर रडता येते. त्यावर आकिलखानाने प्रेम सोपे वाटले होते पण किती कठीण निघाले, अशा अर्थाचा एक शेर म्हटला. औरंगजेबाने तो पुनःपुन्हा म्हणवून पाठ केला आणि विचारले, कोणाचा? आकिलखानाने सांगितले, जो हुजुरांपुढे कवी म्हणवून घेऊ इच्छीत नाही अशाचा.

नाइटली एमाला तोंडावर बोलू शकतो, कारण त्या दोघांच्या मिळकतीत फारसे अंतर नाही. शार्लट एलिझाबेथला घरी येऊन स्वतः सांगते. ऑलिव्हिया स्पॅरो पत्रे लिहू शकते. आकिलखान आपल्या धन्याला दुःखात त्याच्या मनातला शब्द देतो आणि त्यावर आपले नावही ठेवू शकत नाही. ठेवले तर ती मैत्री न राहता खुशामत ठरली असती, आणि न ठेवताही ती ओळखली जावी एवढी जागा त्याने उत्तरात ठेवली आहे. औरंगजेबाने ती ओळखली. त्या दिवसापासून त्याची मर्जी आकिलखानावर बसली असे ग्रंथकार लिहितो. पुढे दिल्लीचा सुभा त्याच्याकडे आला, आणि बादशहा दक्षिणेत मराठ्यांशी झुंजत असताना १६९६ साली मरेपर्यंत तो त्याच्याकडेच होता.